सातवं आरमार बघायला गेलेले बाबा

बाबांना अमेरिकेत काय काय बघायचंय, असं माझ्या भावाने, संदीपने फोनवर विचारलं तेव्हा बाबा नायगारा म्हणाले नाहीत की न्यूयॉर्क म्हणाले नाहीत. "ते सातवं आरमार कुठे असतं रे?" एवढंच विचारलं.

हे कळायला आमचं घर माहीत हवं. १९७१ च्या डिसेंबरात बाबा तेवीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात बॉयलर शॉपमध्ये शिकाऊ होते. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला चिरा गेल्या होत्या, तरी तिला पूर्वेकडे पाठवलं होतं आणि कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. खोलीच्या खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले. अशात बातमी आली की अमेरिकेने सातव्या आरमारातून एन्टरप्राइझला बंगालच्या उपसागराकडे सोडलंय. अणुशक्तीवर चालणारं पहिलं विमानवाहू जहाज, विक्रांतच्या जवळजवळ पाचपट वजनाचं. बाबांच्या खोलीवरचे चौघे त्या रात्री झोपले नाहीत म्हणे. मग १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, आणि हे अवाढव्य धूड आदल्याच दिवशी हिंदी महासागरात शिरलेलं! तेव्हापासून आमच्याकडे मंगलाष्टकं संपल्यावर उगवणाऱ्या पाहुण्याला 'सातवं आरमार' म्हणतात.

संदीप व्हर्जिनियातल्या रिचमंडला राहतो. तो म्हणाला, "आरमाराचा मुक्काम जपानात असतो बाबा, पण ते जहाज माझ्या घरापासून सव्वा तासावर बांधून ठेवलंय." झालं. २०२४ च्या ऑक्टोबरात मी महिन्याची रजा काढून बाबांना घेऊन गेले आणि तिथून शुक्रवार ते रविवार असा हा दौरा झाला. लिहायला इतका उशीर केला म्हणजे या वेळी सातवं आरमार मीच.

शुक्रवार: रिचमंड ते न्यूपोर्ट न्यूज

सकाळी संदीपच्या बायकोने, मेधाने चपात्या, बटाट्याची भाजी आणि लसणीची चटणी डब्यात भरून दिली आणि ती स्वतः ऑफिसला गेली. गाडीत आम्ही चौघं: संदीप, बाबा, मी आणि बारा वर्षांचा अथर्व, ज्याला एन्टरप्राइझ म्हणजे फक्त अंतराळयान ठाऊक. आय-६४ वरचा रस्ता सरळसोट. दुतर्फा झाडं नुकती पिवळी पडायला लागलेली.

पहिला थांबा मरिनर्स म्युझियम. तिकीट माणशी एक डॉलर! संदीपने दोनदा विचारून खात्री केली. इथलं मुख्य आकर्षण म्हणजे मॉनिटर, अमेरिकेच्या यादवी युद्धातली चिलखती नौका. ९ मार्च १८६२ ला हॅम्प्टन रोड्स नावाच्या इथल्याच खाडीत मॉनिटर आणि व्हर्जिनिया या दोन लोखंडी नौका तासन्‌तास एकमेकींवर गोळे झाडत होत्या आणि कोणीच कोणाला बुडवू शकलं नाही. त्याच वर्षी, ३१ डिसेंबर उजाडायच्या आत, मॉनिटर वादळात बुडाली. २००२ मध्ये तिचा फिरता तोफबुरूज समुद्रातून वर काढला आणि आता तो पाण्याच्या प्रचंड टाकीत भिजत ठेवलाय, कारण इतकी वर्षं मुरलेलं मीठ हळूहळूच बाहेर येतं. घाई केली तर लोखंड फुटतं.

आम्ही तिघं बुरूज बघत होतो. बाबा शेजारच्या टाकीपाशी, इंजिनाकडे. कपाळ काचेला टेकवून दहा मिनिटं उभे. मग म्हणाले, "मीठ म्हणजे वाळवी. आमच्या बॉयलरात खारं पाणी शिरलं की फोरमन घरचं कोणी गेल्यासारखा रडायचा."

दालनाच्या एका कोपऱ्यात कळलं की जहाजावरून पहिलं विमान उडालं तेही इथल्याच पाण्यावर. १४ नोव्हेंबर १९१० ला बर्मिंगहॅम या क्रूझरवर लाकडी फळ्यांचा उतार बांधला होता. त्यावरून युजीन इली निघाला, विमानाची चाकं पाण्याला लागली, उडालेल्या तुषारांनी त्याचा चष्मा भरला आणि त्याने पलीकडची वाळू दिसताच तिथे विमान टेकवलं. आपण घाटकोपर ते ठाणे जातो तेवढ्या टापूत हे सगळं घडलेलं आहे. हॅम्प्टन रोड्स या नावातले 'रोड्स' म्हणजे रस्ते नव्हेत बरं का. जहाजांनी नांगर टाकून निर्धास्त थांबायची जागा म्हणजे रोड.

(म्युझियमला अर्धा दिवस हवा. आत थंडी असते, म्हाताऱ्या माणसांना स्वेटर घालून न्या. डबा बाहेरच्या बागेत खाता येतो. तळ्याकाठची बदकं चपाती आवडीने खातात, पण खायला घालू नका अशी पाटी आहे. आम्हाला ती नंतर दिसली.)

दुपारी न्यूपोर्ट न्यूजच्या शिपयार्डाकडे निघालो आणि इथे आमचा पोपट झाला. संदीपची समजूत अशी की एन्टरप्राइझ आतून नाही तरी फाटकातून दिसेलच. यार्डाची भिंत संपता संपेना. भिंतीमागे क्रेनांचं रान, त्यात एक राक्षसी गॅन्ट्री क्रेन, हजार टनांवर वजन उचलणारी. तिच्याखाली नवी जहाजं तुकड्यातुकड्यांनी जोडतात. फाटकावरच्या रखवालदाराने संदीपला सौजन्याने सांगितलं की इथे टूर वगैरे काही नसते आणि गाडी इथे उभी करता येत नाही. तेवढ्यात पाऊस आला. पाळी सुटली होती. डोक्यावर हेल्मेट, हातात डब्याची पेटी घेतलेली माणसं लोंढ्याने बाहेर पडत होती. बाबा काच खाली करून पावसात त्यांच्याकडे बघत बसले. "तीच चाल," म्हणाले. "लायन गेटमधून आम्ही असेच सुटायचो."

पुढे नॉरफोकला जाताना खाडीखालचा बोगदा लागतो. आधी पूल, मग समुद्राखाली बोगदा, मग परत पूल. सगळाच पूल का नाही, तर युद्धात पूल पाडला तर नौदलाची सगळी जहाजं आत कोंडली जातील म्हणून. बाबांना हे कारण बेहद्द पसंत पडलं. बोगद्याच्या तोंडाशी सत्तर मिनिटं अडकून राहिलो तरी ते तेच सांगत होते. (शुक्रवारी तीन ते सहा या वेळात इथे फिरकू नका. दोन्ही दिशांना रांग असते.) हॉटेलात पोचलो तेव्हा अथर्व म्हणाला, "आजोबा, वी आर सातवं आरमार." पोरगं तयार झालंय.

शनिवार: नॉरफोक

स्थानिक लोक या गावाला 'नॉफक' असं काहीतरी पुटपुटतात. दोन दिवस प्रयत्न करूनही मला जमलं नाही.

सकाळी नॉटिकस हे सागरी संग्रहालय. त्याच्या बाजूलाच विस्कॉन्सिन ही दुसऱ्या महायुद्धातली युद्धनौका कायमची बांधून ठेवलेली आहे. सागवानी डेक, सोळा इंची तोफा. हिचं नाक उसनं आहे! १९५६ मध्ये एका विनाशिकेशी टक्कर होऊन पुढचा भाग चेमटला, तेव्हा याच जातीच्या अर्धवट राहिलेल्या केंटकी या जहाजाचं नाक कापून हिला जोडलं. बाबांनी सांधा शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही. "चांगला वेल्डर," असा शेरा मिळाला.

डेकवर माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक उभे असतात. त्यातल्या एका पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांच्या टोपीवर सीव्हीएन-६५ असं, म्हणजे एन्टरप्राइझच्या क्रमांकाचं, भरतकाम होतं. संदीपने मला कोपराने ढोसलं. ते एन्टरप्राइझवर १९८० च्या दशकात होते, तेही खाली, यंत्रविभागात. बाबांचे डोळे चकाकले. बाबांचं इंग्रजी डॉकयार्डातलं, क्रियापदांशिवायचं. पण यंत्राच्या माणसाला यंत्राच्या माणसाचं बरोबर कळतं.

"एट रिॲक्टर? व्हाय एट?" बाबांचा पहिला प्रश्न.

गृहस्थांनी पायाने डेकवर टकटक केलं. या विस्कॉन्सिनच्या पोटात आठ बॉयलर आहेत, जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या चार पंख्यांसाठी. मोठ्या जहाजाला आठ बॉयलर लागतात हा हिशेब अंगवळणी पडलेला होता. १९५८ च्या फेब्रुवारीत एन्टरप्राइझचा कणा टाकला तेव्हा इतक्या मोठ्या जहाजात अणुभट्ट्या कोणी बसवल्याच नव्हत्या, मग बॉयलरच्या जागी भट्टी धरून आठ बसवल्या, दर पंख्याला दोन. पुढच्या निमिट्झ जातीच्या जहाजांचं काम दोनच भट्ट्यांवर भागलं. भट्टी फक्त पाणी तापवते. ते दाबाखालचं पाणी दुसऱ्या पाण्याची वाफ करतं, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि डेकवरून विमान भिरकावणारे चार कॅटापल्टही त्याच वाफेवर चालतात. म्हणजे शेवटी वाफच. बाबांनी मान डोलावली. नाव अणूचं असलं तरी खातं त्यांचंच निघालं.

मग बाबांनी फीड पंप किती आणि दाब किती असं विचारलं. गृहस्थ हसले, "ते मी अजूनही सांगू शकत नाही." बाबाही हसले. "करेक्ट. मी पण नाही सांगितलं असतं."

अथर्वने विचारलं, तुमची सगळ्यात भारी आठवण कोणती? गृहस्थ म्हणाले, चिखल. २८ एप्रिल १९८३. आठ महिन्यांची मोहीम आटपून जहाज कॅलिफोर्नियात अलामेडाला परत येत होतं, १९६५ पासून हिचं घर ते. धक्का समोर दिसतोय, बायकापोरं फलक घेऊन उभी, बँड वाजतोय आणि जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत वाळूच्या दांड्यावर चढून बसलं. टग ओढतायत, हलत नाही. पाचेक तास. शेवटी भरतीने सोडवलं. कहर म्हणजे एन्टरप्राइझ याच नावाच्या अंतराळयानाचं सुकाणू टीव्हीवर हाकणारा नट जॉर्ज टाकेई त्या दिवशी पाहुणा म्हणून जहाजावर होता. अथर्व तीनताड उडाला. "सुलू? रिअली?" कप्तानाचं पुढे काय झालं, हे बाबांनी विचारलं. अ‍ॅडमिरल झाला!

मग बाबांनी आपली गोष्ट काढली. डिसेंबर, सेव्हन्टीवन, बे ऑफ बेंगाल. गृहस्थ लक्षपूर्वक ऐकत होते, पण चेहऱ्यावर ओळख नव्हती. ते म्हणाले, व्हिएतनामच्या फेऱ्यांबद्दल जुनी मंडळी बोलायची, १९७५ ला सायगाव रिकामं केलं त्याबद्दल बोलायची. हे कधी कानावर आलं नाही. मनापासून विचारलं, "आम्ही तिथे काय करत होतो?"

बाबा गप्प. मी त्यांच्याकडे बघत होते. त्रेपन्न वर्षं ज्या गोष्टीचा किस्सा करून घरोघर सांगितली, ती पलीकडच्या बाजूला मेसमधल्या गप्पांपर्यंतही पोचली नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "नथिंग. यू केम लेट." आणि दोघंही खो खो हसले.

(टीप: विस्कॉन्सिनच्या शिड्या उभ्या आणि अरुंद आहेत. गुडघे दुखत असतील तर वरचा डेक बघा, पुरेसा आहे. या निवृत्त मंडळींशी बोलायला वेळ ठेवा, तिकिटाचे पैसे तिथे वसूल होतात.)

दुपारी मॉन्टिसेलो अ‍ॅव्हेन्यूवरच्या डूमार्समध्ये आइस्क्रीम. १९०४ च्या सेंट लुइसच्या जत्रेत आइस्क्रीमचा कोन काढला असं हे घराणं सांगतं आणि सुरुवातीच्या दिवसांतलं कोन वळायचं यंत्र अजून चालू आहे. जत्रेतल्या कोनावर हक्क सांगणारे इतरही आहेत, पण समोर वळलेला गरम कोन हातात आल्यावर वाद कोण घालतो! (रविवारी बंद.)

संध्याकाळच्या बोटीने नौदल तळ पाण्यावरून बघितला. दोन तासांची फेरी असते आणि त्यात पासपोर्टची भानगड नाही. वाऱ्याने कान फुटतात, टोपी हवीच. कोळशाचे धक्के आणि कंटेनरच्या क्रेना मागे पडल्या की करड्या जहाजांची रांग सुरू होते. जगातला सगळ्यात मोठा नौदल तळ म्हणतात तो हा. आयझेनहॉवर हे विमानवाहू जहाज धक्क्याला होतं, ६९ आकडा लांबून वाचता येत होता. बोट त्याच्या बाजूने गेली तेव्हा सगळे आपोआप गप्प झाले. जहाज नाहीच ते, पाण्यावर आडवी पडलेली दहा-बारा मजली चाळ. एन्टरप्राइझ याहूनही नऊ-दहा मीटर लांब, ३४२ मीटर. इतकं लांब लढाऊ जहाज दुसरं कोणी बांधलेलं नाही.

बोटीवरच्या निवेदकाने सांगितलं की १९९० नंतर एन्टरप्राइझचं घर हेच. २००१ च्या सप्टेंबरात ते आखातातली फेरी संपवून परत निघालं होतं. ११ तारखेला जहाजावरच्या टीव्हीवर न्यूयॉर्कचे मनोरे कोसळताना दिसले आणि जहाज वळलं. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर पहिले हल्ले करणाऱ्यांत त्याची विमानं होती. शेवटची, पंचविसावी मोहीम करून ते ४ नोव्हेंबर २०१२ ला इथे परतलं आणि १ डिसेंबरला निरोपाचा समारंभ झाला. त्याच समारंभात जाहीर झालं की पुढच्या एका जहाजाला हेच नाव देणार.

रात्री खेकडे. चेसापीकचे निळे खेकडे, शिजल्यावर लालभडक. टेबलावर तपकिरी कागद अंथरतात, त्यावर खेकड्यांचा ढीग ओततात आणि हातात लाकडी हातोडी देतात. वरून ओल्ड बे नावाचा मसाला भुरभुरलेला. बाबा मालवणचे. पहिली नांगी फोडून चाखली आणि वेटरकडे वळून अस्सल मालवणीत, "हेका वाटाप खंय?" तो बिचारा आणखी लोणी घेऊन आला. पण खेकडा मधुर होता, चौघांत डझन संपले. चटणीचा डबा मी गुपचूप पर्समधून काढला, हे इथे कबूल करते.

रविवार: व्हर्जिनिया बीच आणि परत न्यूपोर्ट न्यूज

सूर्योदयाला व्हर्जिनिया बीचवर. लांबलचक स्वच्छ किनारा, नेपच्यून देवाचा ताडमाड पुतळा, ओशियाना विमानतळावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज. छान आहे, पण किनारा आम्हाला नवा नाही. तासाभरात निघालो.

मला खरं तर वाटत होतं की एन्टरप्राइझचा नाद सोडावा. शुक्रवारचा अनुभव पुरेसा होता. पण संदीपने रात्री नकाशात नदीकाठची एक जागा शोधली होती. जेम्स नदीच्या काठी एक साधा बांध, दोन बाक, मासे धरणारी पाच-सहा माणसं. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने हवा धुतल्यासारखी झाली होती. दुर्बीण लावली, क्रेनांच्या आणि धक्क्यांच्या गर्दीत एक करडा मनोरा दिसला. खाली अरुंद आणि वर रुंद, डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईसारखा. दुसऱ्या कुठल्याही विमानवाहू जहाजाचा मनोरा असा नाही. धुराडं नसल्यामुळे सुरुवातीला तो अगदी चौकोनी केला होता, भिंतींवर रडारचे सपाट पत्रे चिकटवलेले. १९७९ ते १९८२ च्या दुरुस्तीत ते पत्रे काढले, पण ठेवण राहिली.

दुर्बीण बाबांना दिली. त्यांनी चष्मा काढला, दुर्बीण लावली, परत चष्मा घातला. "हेच?"

"हेच."

गंजाचे लांब ओघळ. डेकवर एकही विमान नाही. ६५ आकडा शोधला, त्या अंतरावरून सापडला नाही. सगळं उपयोगाचं सामान काढून घेतलेलं. तीस टनी नांगरांतला एक लिंकन या विमानवाहू जहाजाला दिला, एक वॉशिंग्टन या जहाजाला.

शेजारी गळ टाकून बसलेल्या आजीबाईंनी दुर्बिणीची दिशा बघून विचारलं, "बिग ई?" त्यांचे वडील यार्डात वेल्डर होते. २४ सप्टेंबर १९६० ला जहाज पाण्यात सोडलं तेव्हा त्या वडिलांच्या खांद्यावर बसून बघायला आल्या होत्या. पुढे नवराही यार्डातच लागला, इंधन बदलायच्या शेवटच्या मोठ्या कामावर होता तो. त्या जहाजाचा इतिहास मोहिमांनी मोजत नव्हत्या, यार्डात परत येण्याने मोजत होत्या. पहिल्यांदा इंधन बदललं १९६४ मध्ये, तेल न भरता साडेतीस हजार मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा ६५ दिवसांत करून आल्यावर. मग १९६९ मध्ये, आगीनंतर. मग १९९० ते १९९४. मला एकदम वाटलं, ही तर माहेरपणं. जन्म इथला आणि पुन्हा पुन्हा माहेरी येऊन राहिलेली. शेवटी, २०१३ च्या जूनमध्ये, टगांनी ओढत आणली ती परत न जाण्यासाठी.

आगीचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. १४ जानेवारी १९६९, हवाईजवळ. विमान सुरू करायच्या छोट्या गाडीचा तप्त झोत पंखाखालच्या रॉकेटवर येत राहिला आणि ते फुटलं. मग डेकवरचे बॉम्ब एकामागून एक. २८ माणसं गेली, ३१४ जखमी, १५ विमानं जळाली. दुरुस्ती पर्ल हार्बरला झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यानंतर जहाज इथे आलं तेव्हा वडील घरी येऊन रात्री जेवले नाहीत, एवढंच त्यांना आठवत होतं. आमच्या धसक्याचं जहाज त्या घरात असं बसलेलं होतं.

मी त्यांना विचारलं, म्युझियम का नाही केलं? त्या म्हणाल्या, आठ भट्ट्या काढायला कूस एवढी कापावी लागेल की दाखवायला जहाज उरणारच नाही. आधीचं, दुसरं महायुद्ध गाजवलेलं एन्टरप्राइझ, तेही याच यार्डात बांधलेलं. त्यासाठी लोकांनी वर्गणी काढायचा प्रयत्न केला, पैसे पुरले नाहीत, १९५८ मध्ये भंगारात विकलं. त्याच वर्षी या एन्टरप्राइझचा कणा टाकला होता.

हे ऐकून बाबा म्हणाले, "सेम. सेम विक्रांत." मग मी भाषांतर करत गेले आणि ते सांगत गेले. विक्रांत १९६१ च्या मार्चमध्ये नौदलात आली, एन्टरप्राइझ त्याच वर्षी नोव्हेंबरात. १९९७ मध्ये निवृत्त, मग मुंबईत म्युझियम, आम्हाला दोघांना बाबांनी तिथे नेलं होतं आणि बॉयलर रूम बघू दिली नाही म्हणून भांडले होते. २०१४ मध्ये साठेक कोटींना विकली आणि दारूखान्यात तोडली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या एका मोटारसायकलीत गेलं. शेजारच्या मुलाने ती घेतली तेव्हा बाबा टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते, पेढा हातातच राहिला होता.

आजीबाईंनी यार्डाच्या मोठ्या क्रेनकडे बोट केलं. तिथे नवं एन्टरप्राइझ बांधतायत, क्रमांक ८०. जुन्याचं काही टन पोलाद काढून, वितळवून त्याच्यात घातलंय. "म्हणजे तुमची मोटारसायकल," त्या म्हणाल्या, "आणि आमची ही." तेवढ्यात त्यांच्या गळाला मासा लागला. चांदीसारखा, हाताएवढा. बाबा पटकन पुढे झाले आणि गळ सोडवून दिला, मालवणी माणसाचा हात विसरत नाही.

(या काठावर जायचं तर सकाळी जा, दुपारी ऊन समोरून येतं. दुर्बीण नसेल तर फेरी वाया. खाण्यापिण्याची टपरी जवळपास नाही.)

परतीच्या वाटेवर सफोकजवळ खारवलेले शेंगदाणे घेतले. व्हर्जिनियाचा दाणा भलताच टपोरा, आपल्या दीडपट. बाबांनी दोन पुड्या डोंबिवलीसाठी वेगळ्या काढल्या आणि रिचमंड येईपर्यंत एक संपवली. बोलले काहीच नाहीत. घरी मेधाने विचारलं, "कसं होतं जहाज?" तर म्हणाले, "म्हातारं झालंय."

आम्ही परत आलो आणि २०२५ च्या मे महिन्यात संदीपचा मेसेज आला. एन्टरप्राइझ मोडायचं कंत्राट दिलं: अलाबामात मोबील इथे नेऊन तोडणार, ५३ कोटी ६७ लाख डॉलर, काम नोव्हेंबर २०२९ पर्यंत. अणुशक्तीवरचं विमानवाहू जहाज मोडायची जगातली ही पहिलीच वेळ. किरणोत्सारी भाग बांधून परवाना असलेल्या जागी पाठवणार. मी बाबांना वाचून दाखवलं.

"बांधायला किती लागले होते?"

मी शोधलं. ४५ कोटी १० लाख डॉलर.

"मोडायला जास्त?" आपण विक्रांत विकली तेव्हा भंगारवाल्याने आपल्याला पैसे दिले होते, हे भंगारवाल्याला देतायत, याचा त्यांना काही केल्या मेळ बसेना. तेव्हाचा डॉलर आणि आताचा डॉलर असं मी सांगू लागले तर हाताने गप्प केलं. मग उठले, कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली, बॉलपेनने लिहिलं: 'एन्टरप्राइझ – नोव्हें. २०२९.' त्याच्या पुढे कंसात स्वतःचं तेव्हाचं वय: ८१.